पत्र्यावरचं लाकूड

चाचा लाकडाला तळहात लावत नसत. गाडीचं पॅनल समोर आलं की ते उजव्या हाताची बोटं मिटायचे आणि बोटांच्या पाठीने लाकूड चाचपायचे, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, असं उलटं का? तर म्हणाले, "तळवा मेलाय माझा. पॉलिशच्या स्पिरिटनं जाळलाय. पाठ अजून जिती हाय." त्या जित्या पाठीला जे कळायचं ते मला चष्मा लावूनही दिसायचं नाही. कुठे वरचा पातळ पापुद्रा सुटून खाली हवा शिरली आहे, कुठे आधी कुणी घाईने पॉलिश पेपर घासला आहे, कुठे मालकाच्या अंगठीने वर्षानुवर्षं एकाच जागी ओरखडत आणलं आहे. डोळे मिटून ते हे सगळं सांगायचे, आणि डोळे उघडल्यावर तसंच असायचं.

मी साताऱ्याचा. पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला माझं कुशनचं दुकान आहे. आहे म्हणतो, पण हल्ली आठवड्यातून चारच दिवस उघडतं. गाड्यांच्या सीटा शिवण्यात जन्म गेला. त्यातच कधीतरी जुन्या गाड्या यायला लागल्या. हौशी माणसं त्या कुठल्या कुठल्या गोठ्यांतून, बंद गॅरेजांतून ओढून काढायची आणि सीटा माझ्याकडे यायच्या. सीटांचं मला येत होतं. पण त्या गाड्यांच्या डॅशबोर्डाला लाकूड असायचं, आणि लाकडाचं साताऱ्यात कुणाला जमत नव्हतं. सुतार म्हणायचे, काढून टाका आणि सनमायका मारा.

चाचा मला भेटले ते मेव्हण्याच्या ऑपरेशनमुळे. ऑपरेशन मिरजेत होतं. आत सोडत नव्हते, बाहेर बसवत नव्हतं, म्हणून मी चालत निघालो आणि सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत शिरलो. एका पायरीवर पोतं टाकून एक माणूस बसला होता. मांडीवर तंबोऱ्याचा भोपळा, हातात कापडात गुंडाळलेला कापसाचा बोळा. तो बोळा भोपळ्यावर गोल गोल फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्याला खालून थोडा थोडा उजेड वर येत होता. अर्धा तास मी उभा होतो. शेवटी विचारलं, गाडीच्या लाकडाला असं पॉलिश कराल का?

"गाडीत लाकूड असतंय व्हय?"

"जुन्या गाड्यांत असतं."

"कशाला?"

म्हणालो, "शोभेला."

"म्हंजे वाजत न्हाई."

"नाही."

"आना बघू," म्हणाले आणि पुन्हा बोळा फिरवायला लागले.

पहिलं पॅनल नेलं ते आमच्या साताऱ्याच्या एका रिटायर्ड मेजर साहेबांच्या गाडीचं. इंग्लंडची जुनी गाडी, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, उन्हाने तडकलेला. चाचांनी ते कानाजवळ धरून बोटाच्या पेराने टकटक केलं. सतारीचं लाकूड ते असंच पारखायचे. "मुकं हाय," म्हणाले. "पर मुक्यालाबी आंगोळ घालाय पायजे." त्या दिवसापासून आमच्यात गाडीच्या लाकडाचं नावच मुकं पडलं. फोनवर मी म्हणायचो, चाचा, एक मुकं आलंय. ते म्हणायचे, या घेऊन.

घेऊन जायचं म्हणजे एसटीने. साताऱ्याहून कऱ्हाड, इस्लामपूर, सांगली करत मिरज. पॅनल वाकळेत गुंडाळून मांडीवर. कंडक्टर विचारायचा, कुणाचा फोटो हाय का? मी म्हणायचो, गाडीचा डॅशबोर्ड आहे. मग गाडी कुठाय, तो विचारायचा. हे संभाषण इतक्या वेळा झालं की पुढे पुढे मी सरळ "फोटो आहे" म्हणायला लागलो. उतरेपर्यंत मांड्या बधिर झालेल्या असायच्या. तेव्हा कमरेचं दुखणं नव्हतं. आता तो रस्ता नुसता आठवला तरी पाठ बोलायला लागते.

मेजर साहेबांच्या पॅनलवर डाव्या बाजूला, शेजारी बसणाऱ्याच्या समोर, सहासात बारीक गोल ठिपके होते. बाकीचं लाकूड उन्हाने फिकट पडलेलं, आणि हे ठिपके मात्र मूळच्या गडद रंगाचे. दहा दिवसांनी चाचांचा फोन आला. "सातारकर, ह्ये ठिपके कशाचे? पुसू का ठिवू?" मला ते सातारकरच म्हणायचे. मी मेजर साहेबांना विचारलं. ते दोन दिवसांनी स्वतः दुकानात आले, शिवणयंत्राजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, त्यांच्या मिसेस प्रवासात झोप आली की कपाळावरची टिकली काढून तिथे चिकटवायच्या आणि उतरताना विसरायच्या. टिकलीखाली ऊन लागलं नाही, तेवढा रंग राहिला. बाई जाऊन सहा वर्षं झाली होती. मला वाटलं, आता म्हणतील ठेवा. ते म्हणाले, "पुसा म्हणावं. गाडी काढली की पहिली नजर तिथेच जाते. आता नाही जमत."

मी चाचांना तसं कळवलं. ते म्हणाले, "इचारलं ते बरं झालं. न इचारता पुसलं असतं तर चोरी झाली असती." पुढच्या सगळ्या वर्षांत त्यांनी एकही डाग मालकाला न विचारता पुसला नाही. कितीतरी मालक वैतागायचे. अहो, डाग काढायलाच तर दिलंय, म्हणायचे. तो वैताग झेलायला मी होतोच.

त्यांचं आणखी एक होतं. ते कुठल्याही लाकडाला नवं करत नसत. "म्हातारपण पुसाय बसलो न्हाई मी. तोंड धुवाय बसलोय," असं म्हणायचे. पुण्याच्या एका बिल्डरला डॅशबोर्ड काचेसारखा चकचकीत हवा होता, स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे इतका. चाचांनी ते पॅनल आणलं तसंच परत पाठवलं. वर फडक्यात नीट बांधून, कोपऱ्यांना कापूस लावून. बिल्डर मला नाही नाही ते बोलला आणि सीटांचं कामही घेऊन गेला. खरं सांगतो, त्या वेळी मला चाचांचा राग आला होता. दुकान माझं होतं, तोंड माझं होतं, आणि तत्त्व त्यांचं. पुढच्या खेपेला मी तसं बोललोही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. पर माझा हात तसं करत न्हाई, त्याला मी काय करू?"

त्यांचं घर म्हणजे पुढची खोली कामाची आणि मागची राहायची, मध्ये पडदा. मागच्या खोलीत चाची. मूलबाळ नव्हतं. आपसात ती दोघं आपल्या बोलीत बोलायची, पण मी असलो की मराठीत. मला परकं वाटू नये म्हणून असावं. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की माझ्यासमोर भांडायचीसुद्धा मराठीत. चाची गल्लीतल्या नवऱ्या मुलींच्या हातांवर मेंदी काढायची. साठी उलटली तरी लग्नसराईत बायका तिलाच बोलवायच्या. चहा द्यायला बाहेर आली की पॅनलकडे एक नजर टाकायची, काही न बोलता आत जायची. चाचा म्हणायचे, "तिला पसंत न्हाई पडलं." कशावरून, विचारलं तर म्हणायचे, "कप जोरात ठिवला."

मग एका वर्षी कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं.

इस्लामपूरचे बापूसाहेब खताच्या धंद्यातले. त्यांच्या वडिलांची एक जुनी गाडी होती. ती तेव्हा सांगलीत भावाच्या बंगल्यात उभी होती आणि चार दिवस काचांपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर नोकरांनी पाइप लावून चिखल धुतला, तर चिखलाबरोबर डॅशबोर्डाचं लाकूडही वाहून गेलं. कारण ते लाकूड नव्हतंच. पत्रा होता, आणि पत्र्यावर रंगाने हुबेहूब लाकूड काढलेलं होतं, रेघा, गाठी, सगळं. त्या काळात काही गाड्यांना तसं करत. बापूसाहेबांनी मला एक जुना फोटो दिला. त्यात चार वर्षांचे बापूसाहेब पुढच्या सीटवर उभे होते आणि मागे तो डॅशबोर्ड दिसत होता. हे असं परत पाहिजे, म्हणाले. वडील त्याच महिन्यात गेले होते.

मी तो पत्रा मिरजेला नेला. चाचांनी बोटांची पाठ लावली आणि लगेच काढून घेतली. "लाकूड न्हाईच ह्ये. पत्र्यानं लाकडाचं सोंग घेतलंय. ह्ये माझं काम न्हवं." मला परतीची गाडी पकडायची होती, वाद घालायची ताकद नव्हती. फोटो आणि पत्रा तिथेच ठेवून निघालो. पावणेतीन महिन्यांनी फोन आला, घेऊन जावा. गेलो तर पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून एक लाकडी फळी ठेवलेली. पिवळसर तपकिरी अंग, त्यावर पाण्यासारख्या वाहत गेलेल्या रेघा, मध्ये दोन गाठी, गाठींभोवती रेघा दमाने वळलेल्या. मी बोट लावलं. गार लागलं, तेव्हा कळलं पत्रा आहे.

त्यानंतर रंगाच्या डॅशबोर्डांचीच कामं यायला लागली. बापूसाहेबांची गाडी ज्याने ज्याने पाहिली त्याला तसंच हवं होतं. चार वर्षं गेली. चाचा आता चहा डाव्या हाताने घ्यायचे आणि चाची कप अर्धाच भरायची. बसले की उजवा हात मांडीखाली दाबून ठेवायचे. मला वाटायचं बसायची सवय आहे. मी कुशनवाला माणूस, उसवलेली शिवण मला रस्त्यापलीकडून दिसते, पण हे दिसलं नाही. किंवा दिसलं, आणि मी विचारायचा कंटाळा केला. या वयात माणूस एकमेकांच्या दुखण्यांना हात लावायला कचरतो, कारण मग आपलंही सांगावं लागतं.

सांगलीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. बापूसाहेबांच्या गाडीला पहिलं बक्षीस ठरलं होतं आणि भरवणाऱ्यांना डॅशबोर्ड करणाऱ्या कारागिराचा स्टेजवर सत्कार करायचा होता. मी फोन केला. चाचा नको म्हणाले. पुन्हा केला, पुन्हा नको. मग मी न कळवताच मिरजेला गेलो. भर दुपारची वेळ होती. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं, पडदा अर्धा सरकलेला होता, आणि आतून चाचांचा आवाज येत होता.

"आता गाठ येनार. हितनं दमानं वळव. न्हाई, लांबनं. पान्यात दगड आला की पानी आधीच वळायला लागतंय का न्हाई, तसं."

चाची खाली बसली होती. गुडघ्यांवर गाडीच्या दाराची पट्टी, हातात बारीक ब्रश. शेजारी चाचा. डाव्या हातात त्यांनी लाकडाचा एक तुकडा धरला होता, त्यातल्या रेघा बघून ते सांगत होते. उजवा हात मांडीवर मोकळा पडला होता आणि आपोआप हलत होता, चालत्या शिवणयंत्रावर ठेवलेल्या कात्रीसारखा. चाची ब्रश उचलत नव्हती, रेघ पुरी होईपर्यंत श्वासही घेत नव्हती. मी उंबऱ्यात उभा असलेला आधी तिला दिसलो. तिने रेघ संपवली, ब्रश वाटीत ठेवला आणि मग पदर डोक्यावर घेतला.

"बसा भाऊ," म्हणाली. "आता बघितलंच हाय तर बसा."

बसलो. चाचा मला काही सांगेनात, म्हणून तीच सांगत गेली. कंपवात होता. पुराच्या आधीच सुरू झाला होता. गोळ्या चालू होत्या. बोळा गोल गोल फिरवायला अजून जमायचं, पण रेघ जमेना. बापूसाहेबांच्या पत्र्यावर चाचांनी तीनदा रेघा काढल्या आणि तीनदा स्पिरिटने पुसल्या. तिसऱ्यांदा पुसल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. मग शुक्रवारी ते नमाजाला गेले असताना तिने ब्रश उचलला आणि एका कोपऱ्यात चार बोटं लांबीच्या रेघा काढून ठेवल्या. ते आले, बघितलं. टोपी काढून खुंटीला लावली, तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, पुढची जरा जाड घे.

"तवापासनं असंच," ती म्हणाली. "बोलत्यात ते, हात माझा. कुनाला सांगू नका. लोकं त्यांच्या हाताला काम देत्यात."

मी नाही सांगणार म्हणालो. वर आणखी एक गोष्ट बोललो, तिची मला अजून लाज वाटते. म्हणालो, "चाचा, मग अडचण कसली? नाव तुमचंच आहे की. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, दोन मिनिटांत खाली उतरायचं. मीही सुटलो, तुम्हीही सुटलात." चाचा म्हणाले, "बरं. येतो. हिलाबी आनतो."

प्रदर्शन रविवारी सकाळी होतं. चाचा पांढरा शर्ट घालून आले होते. चाची बायकांच्या रांगेत मागे बसली. नाव पुकारलं, चाचा माझ्या खांद्याचा आधार घेत वर चढले. सत्कार करणारे शाल उलगडत होते, तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने माइक आपल्याकडे ओढला.

"शाल र्‍हाऊ द्या," ते म्हणाले. "चार वर्सं झाली, माझा हात चालत न्हाई. ह्यो बघा." आणि त्यांनी उजवा हात वर केला. तो सगळ्यांसमोर थरथरत राहिला. "ह्या गाडीवरली एकबी रेघ माझी न्हाई. माझ्या बायकोनं काढल्यात. ती तिकडं बसलीया."

टाळ्या वाजल्या. माना मागे वळल्या. चाचीने पदर पुढे ओढला आणि ती उठली नाही. भरवणाऱ्यांपैकी एका बाईंनी खाली जाऊन शाल तिच्या खांद्यांवर घातली. चाची तशीच बसून होती, हात मांडीत घट्ट. बापूसाहेब पहिल्या रांगेत होते. ते टाळ्या वाजवत नव्हते.

आम्ही रिक्षाने मिरजेला परतलो. घरी आल्यावर चाचीने शालीची घडी घालून ट्रंकेवर ठेवली आणि माझ्यासमोरच, मराठीत, विचारलं, "मी कुनासाठी झाकलं व्हतं?"

"माझ्यासाठी," चाचा म्हणाले.

"मग? आता सगळ्या गावाला तुमचा हात दिसला."

"दिसू दे."

"आन् एकबी रेघ माझी न्हाई म्हनाला. खोटं बोलला तुमी. सांगत कोन व्हतं मला?"

चाचा पोत्यावर बसले. भिंतीला डोकं टेकलं. "दमलो गं मी," ते म्हणाले. "लोकं वाहवा करायची आन् मी हात मांडीखाली दाबून ऐकायचो. चार वर्सं. लय दमलो."

ती आत गेली. त्या दिवशी चहा आला नाही. मी थोडा वेळ बसलो आणि निघालो.

त्यानंतर कामं थांबली. म्हणजे कुणी वाईट बोललं नाही. लोक मलाच विचारायचे, चाचा स्वतः करणार असतील तर देतो, नाहीतर बघू. बापूसाहेबांचा एकदा फोन आला. म्हणाले, "आधी मला एकट्याला सांगायचं होतं. चार लोकांत कळलं." मी ऐकून घेतलं. आणि चाचीने तर ब्रशच बाजूला ठेवला. मेंदी काढायलाही जाईना. चाचा दिवसभर पायरीवर बसायचे, गल्लीत येणाऱ्या सतारींचे भोपळे बघायचे. भोपळ्यांवर आता मशीनने फवारा मारतात, दोन तासांत चकाकतात. ते त्याला नावं ठेवत नसत. नुसते बघायचे.

आठनऊ महिन्यांनी कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काम पाठवलं. चिठ्ठी होती चाचीच्या नावाने. मला वाटलं ती नाही म्हणेल. म्हणालीच. "त्यांनी सांगितल्याबिगर मला जमत न्हाई," ती म्हणाली, "आन् आता त्यांचा आवाजबी गेलाय." ते खरं होतं. त्या दुखण्यात आवाज बारीक होत जातो. चाचांचं बोलणं आता शेजारी बसलेल्यालाही अर्धंच ऐकू यायचं. तरी ते पॅनल झालं. मी मध्ये एकदा गेलो तेव्हा बघितलं. चाची कान त्यांच्या तोंडाशी नेऊन एक वाक्य ऐकायची, मग वाकून एक रेघ काढायची, मग पुन्हा कान. पाच महिने लागले. ते त्यांचं शेवटचं काम.

चाचा गेल्या वर्षी गेले. मला फोन सकाळी आला. मी पोचेपर्यंत माती झाली होती. गल्लीतल्या लोकांबरोबर पुढच्या खोलीत बसलो. चाची नवरा गेल्यावरच्या इद्दतीत होती, परक्या पुरुषासमोर यायची नव्हती. पडद्याआडून तिने विचारलं, "भाऊ, काय खाल्लं का सकाळपासनं?" मी हो म्हणालो. खाल्लं नव्हतं. तीही आता काम घेत नाही आणि मीही विचारत नाही. दुकानात कुणी लाकडाचं घेऊन आलं तर सांगतो, आमच्याकडे होत नाही. लोक ऐकतात आणि जातात.

पण मला चाचा आठवतात ते जाण्याच्या सव्वा महिना आधीचे. छातीत कफ होऊन ते बारा दिवस मिरजेतल्या एका दवाखान्यात होते. सोडणार म्हणून मी साताऱ्याहून आलो होतो. रिक्षा बघायला फाटकाबाहेर आलो तर समोर बापूसाहेब, आणि मागे ती गाडी. मी फोनवर सहज बोललो होतो की चाचांना आज सोडणार आहेत. ते इस्लामपूरहून स्वतः चालवत आले होते. मला म्हणाले, "रिक्षात हादरे बसतील त्यांना."

चाचांना पुढे बसवलं. चाची आणि मी मागे. इतक्या वर्षांत चाचांना त्यांनी केलेल्या एखाद्या गाडीत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांच्याकडे पॅनलं जायची, गाडी कधीच नाही. बापूसाहेब अगदी सावकाश चालवत होते. चाचा समोरच्या डॅशबोर्डाकडे बघत होते. स्टेशनचा रस्ता ओलांडला तेव्हा ते काहीतरी बोलले. ऐकू आलं नाही. बापूसाहेबांनी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं.

"हितं," चाचा म्हणाले. त्यांचं बोट डावीकडच्या गाठीखाली थरथरत होतं. "हितं रेघ मोडलीया."

"व्हय," मागून चाची म्हणाली.

"मी तसं सांगितलं न्हवतं."

"न्हवतं सांगितलं. तुमी नमाजाच्या वजूला गेला आन् मोरीत पडला. आवाज आला तशी मी उठले."

चाचांनी बोट गाठीखालून काढलं नाही. रस्त्यावरून एक एसटी गेली.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "माझंच सांगायचं चुकलं. पाच वर्सं वाटत व्हतं."

"इचारायचं मग."

"तू तरी पुसून परत काढायची."

"तुमाला उठवून, पाय धुऊन, अंथरुनावर निजवून आले," चाची म्हणाली, "तवर रंग वाळला व्हता."

बापूसाहेब दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते. मग त्यांनी गाडी सुरू केली आणि आम्ही घरी गेलो.